बिल करतानाच ठरते पुढची खरेदी

२२ सप्टेंबर २०२५ ला जीएसटीचे दर बदलले. बिस्किटं, साबणाच्या वड्या, टूथपेस्ट, शाम्पू, केसांचं तेल १८ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आलं. तूप आणि फरसाण १२ वरून ५ वर. जीएसटी परिषदेचा निर्णय ३ सप्टेंबरला जाहीर झाला होता. मधल्या अडीच-पावणेतीन आठवड्यांत चिल्लर दुकानदारापुढे एकच प्रश्न होता: आत्ता माल भरायचा की थांबायचं? आपल्याकडे नेमका किती माल पडून आहे आणि तो किती दिवस पुरेल, हे ज्याला उठून शेल्फ न तपासता सांगता येत होतं, त्याने मोजून खरेदी केली. बाकीच्यांपैकी कुणाचा माल ऐन वेळी संपला, कुणी जुन्या किमतीची खोकी भरून बसलं.

त्यानंतर काउंटरवर दुसरी गंमत सुरू झाली. शंभर रुपये छापील किमतीच्या टूथपेस्टमध्ये १८ टक्के कर धरलेला होता. तो ५ टक्के झाल्यावर किंमत साधारण ८९ रुपये होते. दुकानात दोन्ही किमतींच्या नळ्या, आणि दोन्हींवर बारकोड मात्र तोच. गिऱ्हाईक विचारतं, "मशीनला कळत नाही का?" नाही कळत. का कळत नाही, हे समजलं की दुकानाची खरेदी संगणकावर कशी चालते याचं निम्मं कोडं सुटतं.

या लेखात 'सिस्टीम' म्हणजे चार गोष्टींचा मेळ: काउंटरवरचं बिलिंगचं सॉफ्टवेअर (टॅली, मार्ग, बिझी किंवा मोबाइलवरचं एखादं), बारकोड, पुरवठादाराचं ऑर्डर घेणारं ॲप, आणि सरकारचं जीएसटी पोर्टल. चौघांची मालकी वेगळी, पण एकाने केलेली नोंद दुसऱ्याच्या कामी येते किंवा दुसऱ्याला अडकवते.

बारकोडमध्ये किंमत नसते

पाकिटावरच्या काळ्या रेघांखाली बहुधा १३ आकडे असतात. त्यात ना किंमत असते, ना वजन, ना एक्स्पायरी. तो फक्त त्या वस्तूचा क्रमांक. सुरुवातीचे ८९० म्हणजे तो क्रमांक जीएस१ इंडिया या संस्थेने दिला. माल भारतात बनला याची ती हमी नव्हे. शेवटचा आकडा तपासणीचा असतो. ८९०१२३४५६७८९० हा क्रमांक घ्या. पहिल्या बारा आकड्यांतले विषम जागांवरचे मिळवले तर २८, सम जागांवरचे ३४. सम बेरजेची तिप्पट १०२, त्यात २८ मिळवून १३०. पुढच्या दहाच्या पटीला काही कमी पडत नाही, म्हणून शेवटचा आकडा शून्य. स्कॅनरने एक आकडा चुकीचा वाचला तर हे गणित जुळत नाही आणि बीप वाजत नाही.

किंमत, कराचा दर, खोक्यात किती नग, हे सगळं दुकानाच्या संगणकातल्या यादीत असतं. तिला आयटम मास्टर म्हणतात. ही यादी दुकानदारच भरतो, आणि गोंधळही तिथेच सुरू होतो. एका बारकोडला दोन छापील किमती असल्या की चांगलं सॉफ्टवेअर छोटी चौकट उघडून विचारतं: १०० ची की ८९ ची? गर्दीच्या वेळी काउंटरवरचा मुलगा पाकीट न बघता पहिल्या ओळीवर एंटर मारतो. संध्याकाळी हिशेब असा की १०० ची नळी संपली आणि ८९ च्या चाळीस शिल्लक. शेल्फवर परिस्थिती उलटी.

सुट्या मालाची तऱ्हा वेगळी. वजनकाट्यातून निघणाऱ्या चिकटपट्टीवरचा बारकोड दुकानापुरताच असतो, तो २ ने सुरू होतो, आणि त्यात वस्तूच्या क्रमांकासोबत वजन किंवा रक्कम भरलेली असते. तिथे काट्यातला भाव आणि संगणकातला भाव एकाच वेळी बदलावा लागतो. एक विसरला की भांडण ठरलेलं.

संगणक शेल्फकडे बघत नाही

संगणक दाखवतो तो 'स्टॉक' कुणी मोजलेला नसतो. गच्चीवरच्या टाकीत डोकावून न बघता, आत किती पाणी गेलं आणि नळाने किती आलं एवढ्यावरून पातळी सांगावी, तसा तो आकडा काढलेला असतो. कुठे गळती असेल तर ती त्याला कळत नाही. किराणा दुकानात ही गळती ठरावीक ठिकाणी होते.

खोकं आणि नग यांची गल्लत सगळ्यांत महाग पडते. २४ नगांची ५ खोकी आली, म्हणजे १२० नग. नोंद करणाऱ्याने एकक न बदलता '५' टाकलं. दुपारपर्यंत शिल्लक उणे दाखवते आणि सिस्टीम पुन्हा ऑर्डर लावायला सांगते. मालक बिचारा नागपूरच्या इतवारी बाजारात फोन करून आणखी ५ खोकी मागवतो, आणि महिन्याभराने मागच्या खोलीत १२० नग सापडतात.

दुसरी गळती प्रकारांची. एकाच साबणाचे चार वास. गिऱ्हाइकाने चारांतला एकेक आणला. काउंटरवर एकच स्कॅन करून 'गुणिले ४' केलं. पैसे बरोबर आले, पण चंदनाच्या चार वड्या विकल्या गेल्या असं नोंदलं गेलं आणि बाकी तीन वासांची विक्री शून्य. पुढची ऑर्डर चंदनाची.

तिसरी, माल उतरवतानाची. बिलावर २० खोकी, हमालाने उतरवली १९, आणि नोंद बिल बघून २० ची. ते विसावं खोकं संगणकात कायमचं राहतं. पुढे शेल्फ रिकामं होतं तेव्हाही सिस्टीम म्हणते, माल आहे. मग ती ऑर्डर सुचवतच नाही. म्हणून माल घेताना क्रम असा ठेवावा: गाडी जाण्याआधी खोकी मोजायची, सील फुटलेली बाजूला काढायची, एका खोक्यावरची छापील किंमत आणि एक्स्पायरी वाचायची, मग आपली ऑर्डर आणि त्याचं बिल ताडून नोंद करायची, आणि ती विक्रीला माल काढण्याआधी. "रात्री निवांत टाकू" म्हटलं की दिवसभराची विक्री उणे शिलकीत जाते.

कट्टा फोडून पाकिटं भरणाऱ्यांनी घट वेगळी दाखवावी. ५० किलोच्या कट्ट्यातून सांडलवंड, माती-खडे जाऊन एक किलोची पन्नास पाकिटं क्वचितच निघतात. एकोणपन्नास निघाली तर एकोणपन्नासच टाकायची.

ऑर्डर कधी लावायची?

पूर्वी याचं उत्तर होतं: सेल्समन आला की. सिस्टीमचं उत्तर: शिल्लक एका ठरलेल्या आकड्याखाली गेली की. त्या आकड्याला रीऑर्डर लेव्हल म्हणतात, आणि तो काढायला कागद-पेन्सिल पुरते.

समजा तूरडाळीची एक किलोची पाकिटं रोज सरासरी १२ जातात, आणि ऑर्डर दिल्यापासून माल यायला सरासरी ४ दिवस लागतात. म्हणजे ४८ पाकिटं तर हवीतच. पण एखाद्या दिवशी १६ जातात आणि कधी माल पाचव्या दिवशी येतो. वाईटात वाईट हिशेब १६ गुणिले ५, म्हणजे ८०. ८० आणि ४८ मधला फरक, ३२, हा राखीव साठा. रीऑर्डर लेव्हल ८०. शिल्लक तिथे आली की ऑर्डर.

याच गणितातून पुरवठादाराची खरी किंमतही कळते. मस्कासाथेतला व्यापारी दुसऱ्या दिवशी माल पोचवत असेल तर राखीव साठा निम्म्याहून कमी ठेवून चालतं, आणि तेवढा पैसा मोकळा राहतो. किलोमागे पन्नास पैसे स्वस्त देणारा पण आठवडा लावणारा नेहमी स्वस्त पडतोच असं नाही. कळमन्यातून येणाऱ्या भाजीला मात्र हे गणित लावत बसू नये. तिथे सकाळचा भाव आणि हाताची पारख हेच खरं.

शून्य विक्री म्हणजे शून्य मागणी नव्हे

सिस्टीमची सगळ्यांत मोठी फसगत इथे होते, आणि बहुतेक दुकानदारांच्या ती लक्षात येत नाही.

एका मसाल्याची ६० पाकिटं महिन्याच्या पहिल्या २० दिवसांत संपली. उरलेले १० दिवस शेल्फ रिकामं. सॉफ्टवेअर ६० भागिले ३० करून सांगतं, रोज २ जातात. खरा खप रोज ३ चा होता. मालक दोनच्या हिशेबाने पुढच्या महिन्यालाही ६० मागवतो, ती पुन्हा विसाव्या दिवशी संपतात, आणि संगणक पुन्हा छातीठोकपणे दोनच सांगतो. गिऱ्हाईक तोवर शेजारच्या दुकानाला लागलेलं असतं. उपाय साधा आहे: सरासरी काढताना माल नव्हता ते दिवस वगळायचे. काही सॉफ्टवेअरमध्ये तशी सोय असते. नसेल तर माल संपल्याची तारीख वहीत टिपून ठेवावी.

सरासरी मागे बघते, आणि नागपूरचा उन्हाळा पुढे धावतो. मार्चच्या मध्यापासून थंड पेयं, ग्लुकोज पावडर, सरबतं यांचा खप आठवड्याला चढत जातो. मागच्या ३० दिवसांच्या सरासरीवर ऑर्डर लावणारा एप्रिलभर कमी पडतो. जूनमध्ये पहिला पाऊस आला की तीच सरासरी मे महिन्याचे आकडे धरून बसते आणि गोदाम भरून ठेवायला सांगते. चढत्या हंगामात सरासरी ७ ते १० दिवसांची करावी आणि जून लागताच ऑर्डर हाताने कापावी.

सणांचं दुखणं निराळं: सॉफ्टवेअरला तिथी कळत नाही. लक्ष्मीपूजन २०२४ मध्ये १ नोव्हेंबरला होतं, २०२५ मध्ये २१ ऑक्टोबरला, आणि २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठ असल्याने ते ८ नोव्हेंबरला आहे. 'मागच्या वर्षी याच आठवड्यात काय खपलं' हा अहवाल बघून रवा, मैदा, तूप भरणारा दीड ते अडीच आठवडे चुकतो. तुलना 'दिवाळीच्या आधीचे १५ दिवस' अशी काढावी. पोळा, तान्हा पोळा, संक्रांत यांपैकी फक्त संक्रांतच इंग्रजी तारखेला टिकून असते.

दीक्षाभूमीच्या आसपासच्या दुकानांत धम्मचक्र प्रवर्तन दिनाच्या दोन-तीन दिवसांत पाण्याच्या बाटल्या आणि बिस्किटांची विक्री नेहमीच्या कितीतरी पट होते. ते दिवस सरासरीत राहिले तर पुढचा महिनाभर सिस्टीम भलत्याच आकड्यांचा आग्रह धरते. तेही वगळावेत, पण पुढच्या वर्षीसाठी जपून ठेवावेत.

'दहावर एक फुकट'ची किंमत

११० रुपयांचा एक, असे १० घेतले तर ११ वा मोफत. ११०० रुपयांत ११ नग, म्हणजे नग १०० ला पडला. सवलत ९.०९ टक्के, दहा नव्हे. दुसरा पुरवठादार सरळ १० टक्के सूट देत असेल तर त्याचा नग ९९ ला पडतो. फरक एका रुपयाचा, पण वर्षभराच्या खरेदीत तो दिसतो.

नोंदीत काय बिघडतं? फुकटचा नग टाकायचाच राहून जातो. मग संगणकात दहाच नग, खरेदीचा भाव ११०, आणि ११५ ला विकल्यावर नफा १५ ऐवजी ५ दिसतो. मालक म्हणतो, या मालात काही सुटत नाही, आणि चांगला चालणारा माल बंद करतो. सॉफ्टवेअरमध्ये 'फ्री क्वांटिटी'चा वेगळा रकाना असतो, तो भरायचा.

कुणाकडून घ्यायचं, हे आता पोर्टलही ठरवतं

खरेदीवर भरलेला जीएसटी विक्रीवरच्या जीएसटीतून वळता करता येतो. याला इनपुट टॅक्स क्रेडिट म्हणतात, बाजारात नुसतं क्रेडिट. १ जानेवारी २०२२ पासून नियम असा की पुरवठादाराने आपलं बिल पोर्टलवर चढवून ते खरेदीदाराच्या '२बी' या तक्त्यात दिसलं तरच क्रेडिट मिळतं. दरमहा विवरण भरणाऱ्या पुरवठादाराने ११ तारखेपर्यंत विक्रीची बिलं चढवायची, १४ ला '२बी' तयार होतो, आणि दुकानदाराने २० पर्यंत कर भरायचा.

आता हे बघा. १८ टक्क्यांतला एक लाखाचा माल. एक पुरवठादार २ टक्के जादा सूट देतो, पण बिलं वेळेवर चढवत नाही. वाचले २,००० आणि अडकले १८,००० रुपये, जे २० तारखेला खिशातून भरावे लागतात. त्यामुळे भाव विचारण्याआधी "बिल २बीत येतं का?" असं विचारणं हा आता खरेदीचाच भाग झाला आहे. ऑक्टोबर २०२४ पासून पोर्टलवर आलेलं प्रत्येक बिल स्वीकारणं, नाकारणं किंवा प्रलंबित ठेवणं अशी सोयही आहे. आपल्या नावावर न घेतलेल्या मालाचं बिल दिसलं तर नाकारावं. काहीच केलं नाही तर ते स्वीकारलं असं धरलं जातं.

वार्षिक उलाढाल ५ कोटींच्या वर असलेल्या पुरवठादाराला १ ऑगस्ट २०२३ पासून ई-इन्व्हॉइस, म्हणजे पोर्टलवर नोंदवून घेतलेलं बिल, सक्तीचं आहे. त्याच्या बिलावर क्यूआर कोड हवा; पोर्टलने दिलेला लांबलचक क्रमांक त्यातच असतो. नसेल तर ते बिल कायद्याने बिलच नव्हे, आणि क्रेडिट वादात सापडतं.

नागपूरला राज्याची हद्द जवळ असल्याने आणखी एक भानगड. राज्यातल्या राज्यात माल आणताना ई-वे बिलाची (गाडीसोबत ठेवायचा, पोर्टलवरून काढलेला कागद) मर्यादा एक लाख रुपये. पण बालाघाट किंवा सिवनीहून करपात्र मालाची गाडी आणली की ती मर्यादा ५० हजारांवर येते. सत्तर हजारांचा माल वर्ध्याहून बिनदिक्कत येतो, छिंदवाड्याहून येताना कागद लागतो.

पैसे देण्याच्या तारखाही आता सैल राहिलेल्या नाहीत. बिलाच्या तारखेपासून १८० दिवसांत पैसे दिले नाहीत तर घेतलेलं क्रेडिट व्याजासह परत करावं लागतं. आणि पापड-मसाले बनवणाऱ्या नोंदणीकृत सूक्ष्म किंवा लघु उद्योगाकडून थेट माल घेत असाल, तर लेखी करार असल्यास करारातल्या मुदतीत, पण जास्तीत जास्त ४५ दिवसांत, आणि करार नसल्यास १५ दिवसांत पैसे द्यायचे. नाहीतर तो खर्च प्रत्यक्ष पैसे दिल्याच्या वर्षीच आयकरात धरला जातो. हा नियम २०२३-२४ या आर्थिक वर्षापासून आहे. तो माल बनवणाऱ्यांसाठी आहे, ठोक व्यापाऱ्यांच्या बिलांना लागू नाही.

ॲपवरची 'सुचवलेली ऑर्डर'

मोठ्या कंपन्यांची दुकानदारांसाठी ॲप आहेत. हिंदुस्थान युनिलिव्हरचं 'शिखर' त्यांतलं एक. रात्री अकराला दुकान बंद करताना ऑर्डर टाकता येते, सेल्समनची वाट बघावी लागत नाही, आणि स्कीम सगळ्यांना दिसते. तोंड बघून दिली जात नाही. हे फायदे खरे आहेत. पण ॲप उघडताच दिसणारी तयार यादी कंपनीच्या गणिताने बनते. तुमच्या दुकानाने काय घेतलं हे तिला ठाऊक असतं, काय विकलं गेलं ते नाही. नवा माल, महिन्याअखेरचं टार्गेट, हेही त्या यादीत असू शकतं. म्हणून आपल्या बिलिंगमधला शिलकीचा अहवाल शेजारी ठेवल्याशिवाय 'सगळं जोडा' हे बटण दाबू नये.

उधारीवरही परिणाम झाला आहे. वितरकाच्या सॉफ्टवेअरमध्ये रकमेची आणि दिवसांची मर्यादा घातलेली असते. ती ओलांडली की नवं बिल बनतच नाही. "दिवाळीनंतर देतो" हे सेल्समनला पटतं, पण त्याच्या हातात काही राहिलेलं नसतं.

"दुकान लहान आहे, मला काय करायचंय?"

कंपोझिशन योजनेत असाल (उलाढाल दीड कोटीपर्यंत, व्यापाऱ्याला १ टक्का कर) तर क्रेडिट मिळतच नाही, त्यामुळे २बीची कटकट तुमची नाही. तिथे भाव आणि वेळेवर पोच हेच बघावं. पण शिल्लक आणि खपाचं गणित चार फुटांच्या दुकानालाही लागू आहे. सगळा माल एकदम चढवायची गरज नाही. सगळ्यांत जास्त रकमेची विक्री देणाऱ्या ५० वस्तू निवडा, फक्त त्यांची नोंद तीन महिने चोख ठेवा, मग पुढच्या.

"सगळं नोंदवलं की कर खात्याला दिसेल"

खरेदीची बाजू आधीच दिसते. पुरवठादाराने तुमच्या जीएसटी क्रमांकावर केलेलं प्रत्येक बिल पोर्टलवर आहे. आपल्याच नोंदी नसल्या तर नोटीस आल्यावर उत्तर द्यायला काही उरत नाही, एवढाच फरक.

"तीस वर्षं धंदा केलाय, मशीन काय शिकवणार?"

अनुभव लागतोच, तिथी, ऊन, दीक्षाभूमीची गर्दी हे मशीनला कुणीतरी सांगावं लागतं, हे वर आलंच आहे. पण बाराशे वस्तूंपैकी कोणती गेल्या ९० दिवसांत एकदाही विकली गेली नाही, हे तीस वर्षांच्या अनुभवालाही तोंडपाठ नसतं. तो अहवाल दोन मिनिटांत निघतो, आणि एक्स्पायरीला चार महिने असतानाच वितरकाशी परतीचं बोलता येतं; तारीख उलटल्यावर तो फोन उचलत नाही.

एवढं सगळं करूनही संगणक आणि शेल्फ यांत तफावत पडणारच. वर्षातून एकदा दुकान बंद ठेवून मोजण्यापेक्षा रोज सकाळी शटर उघडल्यावर वीसेक वस्तू मोजाव्यात. जास्त खपाच्या वस्तू महिन्यातून दोनदा, बाकीच्या तीन महिन्यांतून एकदा येतील अशी पाळी लावावी. फरक आढळला तर आकडा लगेच दुरुस्त करू नये. आधी त्या वस्तूची शेवटची तीन खरेदी बिलं उघडून बघावीत. खोकं-नगाची गल्लत किंवा राहून गेलेला फुकटचा नग बहुधा तिथेच सापडतो.